पांडवांनी नाही बांधलं

महाराष्ट्रात डोंगराच्या पोटात कोरलेलं काहीही दिसलं की ते पांडवांचं असतं. एका रात्रीत केलेलं. एखादा खांब अर्धाच राहिला असेल तर त्याला कारण कोंबडा. तो जरा लवकर आरवला. काळ्या दगडाचं जुनं देऊळ हेमाडपंती असतं, त्याला दुसरा इलाज नाही. आणि किल्ल्यावर पुरुषभर खोल खड्डा दिसला की तिथून भुयार निघतं, ते थेट दहा कोसांवरच्या कुठल्याशा गाभाऱ्यात. त्या भुयारात सोडलेलं लिंबू पलीकडच्या कुंडात तरंगताना पाहिलेला एक तरी माणूस गावात असतोच. नसला तर त्याच्या आजोबांनी पाहिलेलं असतं. पांडव, हेमाडपंत आणि भुयार एवढ्या भांडवलावर आपलं पर्यटन पिढ्यान्‌पिढ्या सुखात चाललं होतं. मग अभ्यास सहली निघाल्या, आणि सर आले.

हे सर कुणाच्या शाळेतले नव्हेत. अभ्यास सहलीला जो तज्ज्ञ बरोबर असतो त्याला सर म्हणायचं आणि बाई असतील तर मॅडम, मग आपण त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे का असेना. डोक्यावर कापडी टोपी, खांद्याला पिशवी, पिशवीत विजेरी, पाण्याची बाटली आणि न संपणाऱ्या झेरॉक्स. काहींनी डेक्कन कॉलेजात रीतसर पुरातत्त्व केलेलं असतं. काहींनी दिवसा विमा कचेरीत फायली उपसून संध्याकाळच्या वर्गात ब्राह्मी गिरवलेली असते, आणि हे दुसरे अधिक कडक. नोकरी सांभाळून लिपी शिकलेला माणूस चुकीच्या वेलांटीला क्षमा करत नाही.

त्यांच्यासमोर जी मंडळी असतात ती बहुतेक निवृत्त. काशी-रामेश्वर उरकलेलं, सिंगापूर मुलाने दाखवलेलं, गुडघे अजून शाबूत, म्हणजे निदान एक तरी. आयुष्यभर ज्या रस्त्याने गेलो त्याच्या कडेचं काहीच पाहिलं नाही ही चुटपुट मनात असते. पहाटे साडेपाचला चौकातून बस सुटते, गणपतीचा गजर होतो, इडली-चटणी फिरते, छापील टिपणं वाटली जातात. टिपणं सगळे जपून ठेवतात. वाचतं कोण हा प्रश्न सरांनीही कधी विचारलेला मी ऐकला नाही.

अर्थात प्रवाशाला वाट दाखवणारा जाणता माणूस काही आजचा नाही. नाशिक-त्र्यंबकला क्षेत्रोपाध्ये होतेच. गाव आणि आडनाव सांगायचा अवकाश, लाल कापडात बांधलेली चोपडी उघडायची आणि आपले पणजोबा कुठल्या साली, कुणाला घेऊन, कशासाठी आले होते ते त्यांच्याच हस्ताक्षरात समोर यायचं. त्यापुढे कुठल्याही विद्यापीठाचा संदर्भग्रंथ फिका. फरक इतकाच की उपाध्ये आपल्याला आपलाच पणजोबा दाखवत. सर दाखवतात तो दुसऱ्याच कुणाचा तरी असतो, दोन हजार वर्षांपूर्वीचा, आणि तोही आपलाच वाटावा अशी त्यांची इच्छा असते. हे काम कठीण. कारण त्याआधी पांडवांना तिथून हलवावं लागतं.

नाशिकलाच बघा. मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरात चोवीस लेणी आहेत, पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक. रिक्षावाल्यापासून सरकारी पाटीपर्यंत सगळे त्यांना पांडवलेणी म्हणतात. पायऱ्या चढून धापा टाकत मंडळी वर पोचली की सर पहिलं वाक्य बोलतात, “ही पांडवांनी नाही बांधली.” यावर नेहमी एक शांतता पसरते. एवढ्या पायऱ्या चढवून माणसाने पहिली बातमी ही द्यावी? एखाद्या मावशी तर उघडच विचारतात, “मग कुणी?” त्या आवाजात कुतूहल कमी आणि वारसाहक्काच्या दाव्याला हरकत घेतल्याचा सूर जास्त असतो.

मॅडम किंवा सर नवे असतील तर इथे फसतात. ते सातवाहन, क्षत्रप, शकसंवत्, स्थविरवाद असं काहीबाही सांगू लागतात आणि मंडळी सावलीच्या दिशेने सरकू लागतात. मुरलेला तज्ज्ञ तसं करत नाही. तो आधी गटात कोण कोण आहे ते बसमध्येच विचारून घेतो. आम्हांला वाटतं, ओळख-परेड चालली आहे. प्रत्यक्षात तो लेख कुणापुढे वाचायचा ते ठरवत असतो.

आमच्या गटात एक काका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले होते. सहलीला ते पत्नीच्या आग्रहाने आलेले. तसं त्यांनी चौकातच सगळ्यांना सांगितलं होतं. पहिल्या लेण्यापासून त्यांचं लक्ष घड्याळाकडे. दहाव्या लेण्याच्या ओसरीत सरांनी भिंतीवरच्या अक्षरांवर विजेरीचा झोत टाकला आणि विचारलं, “इथे बँकेतलं कोणी आहे का हो?”

भिंतीवर उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. वर्ष ४२ असं लेखात दिलं आहे. त्याने या लेण्यातल्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ठेव ठेवली. कुठे? गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापणं द्यायची.

काकांनी घड्याळ खाली केलं. ओठ हलले. “दोन हजारावर एक टक्का म्हणजे महिना वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस जणांना बारा...” ते थांबले. “टॅली होतंय!”

त्या क्षणापासून काका उषवदाताचे झाले. दोन श्रेणींचा दर वेगळा का? लहान ठेवीला कमी व्याज की दुसऱ्या श्रेणीची पत जास्त? हमी कोणाची? ठेवीची नोंद कुठे? सरांनी सांगितलं, निगमसभेत हे जाहीरपणे ऐकवलं गेलं आणि फलकावर रीतसर नोंदवलं गेलं, तसं लेखातच आहे. “अस्सं,” काका म्हणाले, “म्हणजे पद्धतशीर काम होतं.” मग सरांनी हळूच पुढचा पत्ता टाकला: याच भिंतीवर सत्तर हजार कार्षापणांचं एक दान आहे आणि त्यांची किंमत दोन हजार सुवर्ण अशी दिली आहे, एका सुवर्णाला पस्तीस या हिशेबाने. “विनिमयदरसुद्धा!” काका जवळजवळ ओरडले. त्यांच्या पत्नी लेण्याच्या दारातून त्यांच्याकडे पाहत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाला भिंतीकडे पाहून आनंद झालेला त्यांना ठाऊक नसावा.

तारखेपाशी मात्र घोटाळा झाला. “वर्ष ४२ म्हणजे इसवी सन किती?” सरांनी खाकरून सांगितलं की यावर विद्वानांत मतभेद आहेत, काही जण ते शकसंवत् मानतात, काही नहपानाचं राज्यवर्ष. काकांना हे मुळीच पटलं नाही. तारखेचा वाद असलेली ठेव पावती त्यांनी आयुष्यात पास केलेली नव्हती.

मतभेद हे सरांचं दुखणंही आहे आणि टॉनिकही. स्थानिक वाटाड्याला मतभेद नसतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला बुद्ध डावीकडून उजेड टाकला तर एक भाव दाखवतो, उजवीकडून टाकला तर दुसरा, समोरून तिसरा. हे वाटाडे विजेरी फिरवून दाखवतात आणि पुढे जातात. त्याच लेण्यातल्या खांबावर चार हरणांना एकच डोकं आहे, तेही ते दाखवतात, आणि कुठल्याही बाजूने पाहिलं तरी ते डोकं त्या-त्या हरणाचं वाटतं हे खरंच आहे. आमचे सर अशा वेळी बाहेर जाऊन उभे राहतात. त्यांच्या मते ही जादूगिरी. माझं मन मात्र वाटाड्याच्या बाजूला झुकतं. चाळीस माणसांना, त्यातल्या दहा जणांच्या हातात मोबाइल असताना, एका दगडी चेहऱ्याकडे पाच मिनिटं टक लावून बघायला लावणं हे कुठल्याही पदविकेत शिकवत नाहीत.

पण सरांची नजर कुठे जाते ते पाहण्यासारखं असतं. सगळे पद्मपाणीच्या चित्रापुढे उभे असतात आणि हे दाराच्या उंबऱ्यातली खाच बोटाने चाचपत असतात. यात ते एकटे नाहीत. मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक कित्येक दशकं अजिंठ्याला येत राहिले, लेण्यांतच अभ्यासवर्ग घेत राहिले, आणि दारं कुठल्या पद्धतीने बसवली, खुंट्यांची भोकं कशी बदलत गेली अशा बारकाव्यांवरून त्यांनी लेण्यांचा क्रम लावला. त्यांचं म्हणणं असं की अजिंठ्याची नंतरची सगळी भव्य लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या अमदानीत, जेमतेम वीस वर्षांत झाली. सगळ्यांना ते मान्य नाही. पण विचार करा, पांडवांनी एका रात्रीत केलं म्हणणाऱ्यांना आणि शतकानुशतकं काम चाललं म्हणणाऱ्यांना, दोघांनाही या माणसाने बिजागरीच्या जोरावर मधोमध आणून बसवलं.

पुऱ्या झालेल्या लेण्यापेक्षा अर्धवट राहिलेलं लेणं सरांना जास्त प्रिय. अजिंठ्याचं चोविसावं लेणं पुरं झालं असतं तर तिथल्या सर्वांत मोठ्या विहारांत मोडलं असतं. ते राहिलं म्हणून तर छिन्नी आधी कुठे चालली, खांब कातळातून कसे सुटे केले, ते उघड दिसतं. ही शिकवणी अलीकडे फार उपयोगी पडते, कारण पांडवांच्या जागी आता परग्रहवासी आले आहेत. वेरूळच्या कैलासापुढे उभं राहून नातू यूट्यूबवरचा व्हिडिओ दाखवतो: एवढा डोंगर वरून खाली माणसांनी कापणं शक्यच नाही, हे यानातून आलेल्यांचं काम. सर घाम पुसतात. राष्ट्रकूट कृष्णराजा, आठवं शतक, वरून खाली कोरण्यात परांचीची गरज कमी, छिन्नीचे व्रण हे इथे बघ, हे तिथे बघ. नातू व्रण बघतो आणि विचारतो, “पण परग्रहवासीयांकडे छिन्नी नसेल कशावरून?” मला वाटतं, पांडव परवडले. ते निदान आपल्यातले होते.

हेमाडपंतांचा प्रश्न त्या मानाने सोपा, कारण तिथे तारीख सरांच्या बाजूने आहे. हेमाद्री हा महादेव आणि रामदेवराव या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकातला. अंबरनाथच्या शिवालयाचा लेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६०. जन्माआधी दोनशे वर्षं माणूस देवळं कशी बांधील, असं सर विचारतात आणि विजयी मुद्रेने पाहतात. सगळे मान डोलावतात. मग देवळातून बाहेर पडताना पुजारी म्हणतो, “हेमाडपंती आहे बरं का,” आणि सगळे त्यालाही तशीच मान डोलावतात. मराठी माणूस पाहुणचारात कमी पडत नाही.

सरांची खरी परीक्षा गधेगाळापाशी होते. शिलाहारांच्या काळचा हा उभा दगड कोकणात जागोजागी सापडतो. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर, खाली एक गाढव आणि एक स्त्री. हे दान जो मोडेल त्याच्या घरच्या बाईवर काय प्रसंग येवो, ते चित्रात काढलेलं असतं, वाचता न येणाऱ्यांच्या सोयीसाठी. अभ्यास सहलीत मागे सुना, पुढे सासवा, मधे कुणाची तरी सातवीतली नात. सर चंद्र-सूर्यावर बराच वेळ घालवतात. मग भूमिदानाची परंपरा. मग शापवाणीचं समाजशास्त्रीय महत्त्व. शेवटी पायऱ्यांवर बसलेल्या एक आजी कंटाळून म्हणाल्या, “अहो सर, शिवी आहे ती. सरळ सांगा की.” त्यानंतर गधेगाळ सगळ्यांना एका क्षणात समजला आणि नातीला चिक्की घ्यायला पाठवण्यात आलं. त्या शिवीचा सगळा भार नवऱ्याच्या गुन्ह्यासाठी बाईवरच का, हा प्रश्न मात्र चिक्की घेऊन परतलेल्या नातीनेच विचारला. सरांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

आणि नाणेघाट. तिथे दाखवायला काय आहे? घाटाच्या तोंडाशी एक साधी गुहा, भिंतीवर राणी नागनिकेचा लांबलचक लेख, त्यात यज्ञ आणि दक्षिणा: गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं, आणि सगळे आकडे अंकांत. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावं आहेत आणि खाली पावलांचे जेमतेम अवशेष. सर भिंतीसमोर ओळीने सरकत जातात, हा सिमुक सातवाहन, ही नागनिका, हा सातकर्णी, हा कुमार, हा महारठी, आणि प्रत्येक नावापाशी किंचित थांबतात, लग्नात वरपक्षाची ओळख करून द्यावी तसे. ज्याची ओळख करून देतात तो तिथे नसतो. तरी माझ्या शेजारच्या गृहस्थांनी एका रिकाम्या जागेला चक्क नमस्कार केला.

तर परत नाशिकला, कारण आमचा मुक्काम तिथल्या तिसऱ्या लेण्यापाशी जरा लांबला. हे गौतमी बलश्रीचं. गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई; मुलाच्या पश्चात, नातवाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने हा लेख कोरवला. मुलगा किती शूर, किती देखणा, शक-यवन-पह्लवांना कसं हरवलं, क्षहरातांचा निर्वंश कसा केला, आणि आईच्या सेवेत त्याने कधी खंड पडू दिला नाही. हे शेवटचं ऐकून गटातल्या सगळ्या आयांनी आपापल्या मुलांची आठवण काढली. एकीचा मुलगा ऑस्टिनला असतो. “लेख कोरवायला किती खर्च येत असेल हो सर?” असं तिने विचारलं, ते नुसत्या माहितीसाठी नसावं.

त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखांनी महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांना जागं केलं. नहपानाला हरवल्यावर गौतमीपुत्राने उषवदाताच्या ताब्यातलं दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत इथल्या भिक्षूंना दिलं. राज्यवर्ष अठरा. वर्ष चोवीसमध्ये पुन्हा आज्ञापत्र: ते शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही, सबब नगराच्या हद्दीवरची शंभर निवर्तनं राजकीय जमीन देण्यात येत आहे. “दोनशेची शंभर झाली,” साहेब म्हणाले. “पण रस्त्यालगतची मिळाली असणार. वाईट नाही सौदा.” बँकवाल्या काकांना वेगळीच चिंता. राज्य बदललं तेव्हा उषवदाताच्या ठेवींचं काय झालं? सर म्हणाले, लेखात काही नाही. पण १९०६ साली याच जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला आणि त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला होता. काकांनी चष्मा काढला. “जुनं चलन रद्द नाही केलं?”

“नाही.”

“नुसता शिक्का मारला?”

“हो.”

“हुशार माणूस,” काका म्हणाले, आणि बराच वेळ स्वतःशीच हसत राहिले.

परतीच्या बसमध्ये अंताक्षरी झाली, सरांना शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. सरांच्या घरी शाली किती झाल्या असतील याचा अंदाज त्यांच्या पत्नीलाच विचारावा. उषवदाताने एकदम बत्तीस हजार नारळाची झाडं दिल्याचं त्यांनीच सकाळी सांगितलं होतं, म्हणून आमच्या एका नारळाकडे पाहून जरा ओशाळल्यासारखं झालं, पण सरांनी तो भक्तिभावाने पिशवीत ठेवला. घोटी ओलांडल्यावर दिवे बंद झाले. मागच्या सीटवरच्या मावशी मुलीला फोनवर सगळा वृत्तांत देत होत्या. पायऱ्या, ऊन, जेवणातली मटकीची उसळ. “आणि अगं, लेणी काय सुरेख! पांडवांनीच बांधली ती, पण मग त्यांनी भिक्षूंच्या नावावर ठेव ठेवली. विणकरांकडे. एक टक्का व्याजाने.”

पुढच्या सीटवर झोपलेले सर मागे वळले.

“दरमहा,” ते म्हणाले.